एका दमातलं मागणं

डोंगरावरचं बर्फ कोसळलं, घर गाडलं गेलं, आणि डेकी आपल्या आमाचा, म्हणजे आईचा, हात धरून खाली तांबड्या मातीच्या मुलखात आली. आमाला लोकरीची कांबळी विणण्यापलीकडे काही येत नव्हतं आणि इथली माणसं तर घामानं निथळत होती. कांबळं घेणार कोण? मायलेकी भाताची पेज पिऊन निजायच्या.

लोक वाईट नव्हते. पण त्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळायचा, हुतूतूचा. ऊन कललं की चूल टाकून, गाय टाकून, दूध उतू जायला सोडून सगळे मैदानाकडे. डेकीला त्यातलं काडीचं कळेना. एक पोरगी 'हुतूतू हुतूतू' करत दुसऱ्यांच्या अंगणात शिरते, तिथल्या सातजणी तिला पाडायला टपतात, कुणाला तरी शिवून ती परत पळते, आणि जिला शिवली ती मेली. मेलेली मात्र रेषेबाहेर बसून चिंचा खाते. हे कसलं मरण?

एकदा खालच्या आळीत सातवी कमी पडली, म्हणून सगुणीनं डेकीला उभं केलं. सगुणी त्या आळीची म्होरकी, जिभेची तिखट. वरच्या आळीची वत्सी चढाई करत आली, साऱ्यांनी तिला गच्च धरलं. आता, डेकीच्या डोंगरात दारी आलेल्याला वेशीपर्यंत पोचवायची रीत. तिनं वत्सीला पडलेली मिठी सोडवली, हात धरून तिला रेषेपलीकडे पोचवलं आणि शिवाय वाकून नमस्कार केला. वरची आळी हसून हसून मातीत लोळली.

सगुणी हसली नाही. "उद्या शेवटचा सामना. दुसरी कुणी नाही म्हणून तुला घेते. हरलो तर परत मैदानात पाय ठेवायचा नाही."

या गावात मैदान सुटलं की माणसं सुटली. डेकी बकुळीच्या बागेत जाऊन मुसमुसली. तेवढ्यात कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी चमचम चमचम करताना दिसलं. बोटाच्या पेराएवढी इवलीशी परी! केशरी घागरा, मोरपंखी पंख, कपाळावर दवाची टिकली. डेकीनं जाळं ओरबाडलं नाही. कोळ्याचंही ते घरच, आणि घर मोडलं की काय होतं हे तिला ठाऊक होतं. तिनं नाजूक बोटांनी एकेक रुपेरी तंतू सोडवला.

"गुणाची गं पोर," परी म्हणाली. "माग काय हवं ते. पण एकच. आणि ते एका दमात. मध्ये श्वास घेतलास की फुकट गेलं. उद्या सूर्य बुडेपर्यंत मी आहे, मग नाही."

डेकी गोंधळली. घर मागावं? कांबळी खपू देत म्हणावं? की सामना जिंकू दे? तिनं विचारलं, "जिंकलं म्हणजे नक्की काय होतं गं?"

"मला काय ठाऊक? मी फुलात राहते," परी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परीही सामना बघायला आली आणि पंचाच्या गुलाबी पागोट्यावर बसली. तिलाही काही कळेना. गुण बरोबरीत आले. खालच्या आळीच्या एकेक करून साऱ्या मेल्या, उरली डेकी. कुणालाही शिवून परतली की सामना त्यांचा.

ती शिरली. विरळ हवेत वाढलेली पोर, तिचा दम संपेचना. हुतूतू, हुतूतू. सातहीजणी गरगर फिरल्या, थकल्या. तिनं वत्सीच्या खांद्याला बोट लावलं आणि वळली. वत्सी झेपावली, तिचा पाय मुडपला, आणि कडकन वाजलं.

रेषा हातभर लांब उरली होती. पण सूर्याचीही नखाएवढीच कोर उरली होती, आणि पागोट्यावरची परी फिकी पडत होती. रेषा गाठून मग मागू म्हटलं तर मागणं बुडालं. डेकी थांबली. त्याच दमात हुतूतू सुटलं आणि तोंडातून आलं, "वत्सीचा पाय बरा होऊ दे."

पंच म्हणाला, "दम मोडला. डेकी मेली." सामना वरच्या आळीचा झाला.

वत्सीच्या पायावर सोनेरी चुरा भुरभुरला. ती उठली, पाय आपटून पाहिला, काही न समजून डेकीकडे बघत राहिली. डेकी मान खाली घालून मैदानाबाहेर निघाली. मागून सगुणीनं तिची वेणी धरली.

"कुठं चाललीस? एवढा दम आमच्या साऱ्या आळीत मिळून नाही. उद्या लवकर ये, रेषा कशासाठी असते ते शिकवते."

"पण आपण हरलो ना?"

"हरलो म्हणून तर लवकर ये."

डेकीला हेही कळलं नाही. तेवढ्यात गलका झाला. आमा, जी कधी मान वर करून बोलली नव्हती, ती पंचापुढे कमरेवर हात ठेवून उभी होती. माझ्या पोरीचा पाय रेषेला लागला होता, तुम्ही झोपला होता काय, असं ती तोडक्यामोडक्या भाषेत विचारत होती. वत्सी म्हणत होती की डेकी मला शिवली होती, हे खरं आहे. पंच तांबडालाल झाला होता. सगुणी धावली, तिच्यामागं डेकी धावली, आणि कुणाचं बरोबर ते ठाऊक नसताना तीही तावातावानं बोलायला लागली.

पागोट्यावर परी उभी राहिली. केशरी, मग पिवळी, मग नुसता लखलखीत उजेड. सारं मैदान क्षणभर सोन्याचं झालं आणि विझलं. कुणीही वर पाहिलं नाही. सगळे खाली वाकून रेषा बघत होते, मधोमध डेकी.