नावाडी आणि न मोजलेलं पाणी

खूप खूप वर्षांपूर्वी एका रुंद नदीच्या पलीकडून हाक यायची, "नाव आणा होऽऽ!" लहानपणी मी ती ऐकली आहे. त्या काठाची एक गोष्ट जुनी माणसं सांगायची, ती तुम्हाला सांगतो.

त्या नदीवर एक नावाडी होता. हाक आली की तो "आलो होऽऽ" म्हणायचा आणि आपला लांब बांबू उचलायचा. तिथे एक रीत होती. नावेत बसणारा माणूस आधी नावेच्या टोकाला हात लावायचा, तो कपाळाला टेकवायचा, मगच आत पाय ठेवायचा.

एके दिवशी नाव पाण्याखालच्या खडकाला घासली आणि जोरात कलंडली. माणसं एकमेकांवर पडली, पण कुणाला खरचटलंही नाही. एका माळ्याची कोंबड्यांची टोपली मात्र पाण्यात गेली. तीन कोंबड्या सापडल्या, एक वाहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलीण आजी घाट उतरून आली. नावेपाशी येऊन ती थबकली. तिने नावेला हात लावला नाही. नावाड्याकडे एकदा पाहिलं आणि आली तशी माघारी गेली.

नावाडी मनात म्हणाला, 'हिला माझी भीती वाटली. आता ही गावभर सांगेल. माझ्या नावेत पुन्हा कुणी बसणार नाही. मी नावाडी म्हणून फुकट गेलो.'

तो दिवस गेला, दुसराही गेला. घाटावर फारसं कुणी आलं नाही. पलीकडून हाक आली, पण तो उठला नाही. 'शिव्या द्यायलाच बोलावत असतील,' असं त्याला वाटलं. तिसऱ्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊन नावेजवळ उभा राहिला.

काठावर त्याची म्हातारी आत्या जाळं विणत बसली होती. तिने विचारलं, "काय रे, घरातलं सरपण संपलं?"

"चेष्टा नको, आत्या. नाव फोडतो आणि जातो कुठंतरी. लोकांना मी नकोसा झालोय."

"कोण म्हणालं असं?"

"म्हणायला कशाला हवं? तेलीण आजी नाव न शिवता परत गेली."

"बरं. एवढं तू डोळ्यांनी पाहिलंस. आणि पुढचं?"

"पुढचं कळतंच की!"

आत्याने जाळं बाजूला ठेवलं. काठापासून थोडं पुढे एका जागी पाणी काळंभोर दिसत होतं. तिकडे बोट दाखवून तिने विचारलं, "तिथं किती खोल आहे रे?"

"तिथं? कमरेएवढं. खाली काळा गाळ आहे, म्हणून खोल वाटतं."

"तुला कसं ठाऊक?"

"बांबू टाकून पाहिलाय ना!"

"अरे माझ्या शहाण्या, नदीत रोज बांबू टाकतोस आणि आजीचं मन काठावरूनच मोजलंस? जा, विचारून ये. तिने खरंच तसं म्हटलं तर मग बघू. कुऱ्हाड कुठं पळून जात नाही."

नावाडी निघाला. आजी घाण्यापाशी पेंड भरत होती.

"आजी, परवा नावेपर्यंत येऊन परत गेलात. माझी भीती वाटली का?"

आजी म्हणाली, "तुझी भीती? तुला उघडा नागडा खेळताना पाहिलंय मी! अरे, चुलीवर दूध ठेवून आले होते. नावेपाशी आल्यावर आठवलं. धावत गेले, तरी मेलं उतू गेलंच."

"मग दोन दिवस घाटावर कुणी का आलं नाही?"

"खळ्यावर मळणी चाललीय. माणसं रिकामी आहेत कुठं?"

नावाडी तिथेच बसला. दोन दिवसांत त्याला पहिल्यांदा भूक लागली. आजीने भाकरी दिली, ती त्याने कोरडीच खाल्ली.

तिथून तो माळ्याकडे गेला. माळी मात्र खरोखरच रागावलेला होता.

"अंडी देणारी कोंबडी गेली माझी! राग येणार नाही तर काय? जरा बघून नाव हाकत जा."

"चुकलं माझं. त्या खडकापाशी आजच काठी रोवतो."

"रोव. आणि सकाळी लवकर ये. मला भाजी घेऊन पलीकडे जायचंय."

"माझ्या नावेतून?"

"मग काय, पोहत जाऊ?"

खडकापाशी काठी उभी राहिली. नावाडी पलीकडे गेला, तेव्हा एक बाई म्हणाली, "ओरडून ओरडून घसा बसला, बाबा. कुठं होतास?" तिला नाव हवी होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीला एक अनोळखी माणूस नावेत बसला. काठ आला तसा तो उतरला. नावाडी म्हणाला, "जपून जा, दादा." माणसाने मागे वळूनही पाहिलं नाही.

नावाड्याच्या मनात लगेच आलं, 'हा माझ्यावर...' पण तो तिथेच थांबला. आपण काय पाहिलं? एक माणूस काही न बोलता पायवाटेने निघून गेला. तेवढंच पाहिलं.

मनात आलेला विचार खरा असेलच असं नाही. आधी तो तपासावा, मगच मानावा.