पाठमोरी तोफ

"आणि तोंड मागं का केलं तिचं?" उस्तादांनी विचारलं.

केरबा फडतरे वाचता वाचता थांबला. ज्या तोफेवर उस्तादांनीच त्याला शिकवलं, तिचं तोंड मागं का, हे आता उस्तादच त्याला विचारत होते! पण उस्ताद ते उस्ताद. सुभेदार होऊन पेन्शन खाणाऱ्या केरबालाही त्यांच्यापुढं मांडी घालूनच बसावं लागे.

"लिहिलंय की, उस्ताद. जर्मनांचे नवे रणगाडे जुन्या तोफांना दाद देईनात. मोठी तोफ तयार होती, पण ती पेलणारा गाडा तयार नव्हता. मग विलायतेत साहेबांनी एक जुना रणगाडा घेतला, त्याचा वरचा घुमट काढून टाकला आणि तोफ उलटी बसवली. पुढं तोंड केलं असतं तर गाडा नाकावर आपटला असता."

"हां. वाच पुढं."

इमामभाई मुलाणी बाज विणत होते. एके काळचे तोफखान्याचे उस्ताद, आता छावणीबाहेरच्या दर्ग्याची झाडलोट करत. येणारे-जाणारे त्यांना फकीर समजत, आणि ते कुणाला नाही म्हणत नसत.

आता मामला काय होता, तो ऐका. भंगारात निघालेला तसला एक गाडा छावणीच्या दारात चबुतऱ्यावर चढणार होता. शेजारी दगडी पाटी. गाडा कसा घडला, कुठं लढला, कुणी लढवला, हे सगळं तिच्यावर कोरायचं. मजकूर लिहायचं काम केरबाकडं आलं. त्या तुकडीतले सगळ्यांत जुने म्हणून खाली सही उस्तादांची हवी होती, आणि दुपारी कागद पाथरवटाच्या हातात पडायचा होता. एकदा दगडात गेलं की गेलं.

केरबानं महिनाभर खपून कागद लिहिला होता. अक्षर मोत्यासारखं. फक्त एक नाव त्यात नव्हतं.

"'या गाड्याला आम्ही पाठमोरी म्हणत असू,'" तो वाचू लागला. "'वर छप्पर नाही, अंगावर पत्रा पातळ. समोरासमोर उभं राहणं तिच्या नशिबी नव्हतं. झाडीत शत्रूकडं पाठ करून दबा धरायचा, दोन गोळे टाकायचे आणि तोंड आधीच परतीच्या वाटेला असल्यामुळं सरळ निघून जायचं. इटलीच्या त्या हिवाळ्यात आमच्या पाठमोरीनं चार रणगाडे फोडले.'"

"कुणी फोडले?"

"पाठमोरीनं."

"तोफ आपली आपण उडते होय रे?"



तोफ डागणारा गनर होता सिदू लोहार. केरबाच्याच गावचा. चारही रणगाडे त्याचे. बिल्ला त्याच्या छातीवर लागला, फोटो त्याचा छापून आला. आणि केरबा? केरबा ड्रायव्हर. गाडा झाडीत लावायचा, आणि तोफ उडायच्या आत उडी मारून गाड्याच्या नाकाशी चिखलात दबून बसायचं. लढाई सगळी पाठीमागं. त्याला दिसायची ती फक्त पळायची वाट.

"ड्रायव्हर बाकावरनं का उठायचा?" उस्तादांनी दोरी ताणली. "तेवढं पाटीवर टाकलंयस?"

"टाकलंय. तोफ उडाली की तिचा मागचा लोखंडी ठोकळा हातभर मागं यायचा. थेट बाकावर. ड्रायव्हर बसलेला असला तर मानगूटच गेली."

"आणि उठायचं कधी, हे त्याला कसं कळायचं? त्या गोंगाटात?"

"हुकूम व्हायचा."

"कुणाचा?"

केरबानं कागदाची घडी सरळ केली.

"बरं, असू दे. पुढं?"

"'फेब्रुवारीत नदीकाठच्या लढाईत ऐन वेळी तोफ उडाली नाही,'" केरबा भराभर वाचू लागला. "'शत्रूचा गोळा वरच्या झाडावर फुटला. छप्पर नसल्यामुळं तुकडे आत आले. तशात ड्रायव्हर केरबा फडतरे यानं प्रसंगावधान राखून क्षणात गाडा बाहेर काढला व वाचवला.' एवढंच. इथं सही करा, उस्ताद."

उस्तादांनी बाज बाजूला सारली. गुडघ्यावर हात टेकत उठले. पेन आणायला खोलीत निघालेत, असं केरबाला वाटलं. ते त्याच्या मागं गेले.

त्याच्या डाव्या खांद्यावर दोन थापा पडल्या. थप. थप.

केरबा कधी उठला, त्याचं त्यालाच कळलं नाही. कागद उडाला. साठीचा गडी, गुडघ्यांत वात, पण तीन हात लांब जाऊन मातीत दबून बसला. श्वास रोखून. कान तोफेकडं.

दर्ग्यात नवस फेडायला आलेल्या बाया बघत राहिल्या.

"आज बरा उठलास," उस्ताद म्हणाले.

केरबाचं तोंड राखेसारखं झालं. त्या थापा सिदूच्या. ही युक्ती त्यानंच काढलेली. हुकूम ऐकू येत नाही, मग डाव्या खांद्यावर दोन थापा, की ड्रायव्हर बाहेर. आठवड्याभरात सगळ्या तुकडीनं ती उचलली होती. त्या थापांच्या जोरावर किती ड्रायव्हर जिवंत घरी आले, आणि पाटीवर त्यांचा पत्ता नाही.

"तुम्हाला… माहीत आहे?"

"ती तोफ दुसऱ्या दिवशी मीच तपासली, केरबा. तीन गोळे टाकले. तिन्ही उडाले."

केरबा मातीतच बसून राहिला. मग एकदम फुटला.

"मला एक तरी बघायचा होता हो!" तो म्हणाला. "चार रणगाडे फुटले आणि मी एक नाही बघितला! सगळे सिदूला विचारायचे, कसा पेटला, कसा उडाला. तो सांगायचा हातवारे करकरून. मी तिथंच होतो, दहा पावलांवर, आणि मी बसायचो तोंडात बोट घालून त्याचं ऐकत. माझ्या अंगाची लाही व्हायची. त्या दिवशी थापा पडल्या… मी म्हटलं, नाही उठत. मान वळवून बघतोच. घटकाभर थांबेल की सिदू. काय मरतोय?"

"थांबला का?"

"थांबला."

"मग?"

"तिसरी थाप पडली. मी बाक धरून बसलेलो. तोफेच्या कडेनं मागं बघत होतो. झाडांच्या फटीत तो रणगाडा उभा, तोंड आमच्याकडं. सिदूच्या अगदी टप्प्यात होता. त्यानं नुसतं बोट दाबायचं होतं. दाबलं असतं तर रणगाडा गेला असता, आणि मीही." केरबानं तोंड पुसलं. "त्यानं नाही दाबलं. त्यांनी दाबलं."

वारा आला, तसा कागद घरंगळत बाजेखाली गेला. कुणीच उचलला नाही.

"कोपरापासून हात गेला त्याचा. उजवा. लोहाराचा उजवा हात, उस्ताद! आणि मी बाकावरच होतो, म्हणून गाडा झटक्यात काढता आला. गाड्यातल्या बाकीच्या दोघांना धुरात काही कळलं नाही. साहेबानं पाठ थोपटली, मला फीत मिळाली. सिदूला स्ट्रेचरवर घालत होते. साहेबानं त्याला विचारलं, गोळा का नाही टाकलास? तो म्हणाला, 'दाबलं होतं साहेब, तोफ उडाली नाही.' माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही."

"मग त्याचं नाव घालायला हात का आखडतोस?"

उस्तादांचा आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं केरबाला वाटलं.

"खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "अजून जळतो मी त्याच्यावर. सुभेदार मी झालो, आणि शाळेत झेंडा तो फडकवतो. डाव्या हातानं! मी दुसऱ्या खुर्चीत. गावात नवं माणूस आलं की मला काय विचारतं ठाऊक आहे? 'तुम्ही सिदू लोहारासंगं होता न्हवं?' पंचवीस वर्षं हेच! त्यानं एकदा चारचौघांत सांगून टाकलं असतं ना, या केरब्यापायी माझा हात गेला, तर मी सुटलो असतो. मारलं असतं लोकांनी, थुंकले असते, पण फिटलं असतं. तो बोलत नाही. लग्नाकार्यात मलाच आधी वाढायला लावतो. मोठेपणा सगळा स्वतःकडं ठेवून घेतला त्यानं, मला कणभर नाही ठेवला. पाटी तरी माझी असू दे, म्हटलं. एक दगड. तेवढाही का नसावा मला?"

बोलून झालं. केरबाला आतून रिकामं वाटलं, पण हलकं नाही.

उस्तादांनी वाकून बाजेखालचा कागद काढला. फुंकर मारून माती उडवली. मग पेन मागितलं.

केरबानं खिशातलं पेन पुढं केलं. हे आता सही करतात की काय, अशी त्याला भीती वाटली, आणि करणार नाहीत अशीही.

उस्तादांनी टोपण काढलं. कागद गुडघ्यावर ठेवला. पेन टेकवलं… आणि थांबले.

"मी इस्पितळात गेलो होतो," ते म्हणाले. "नदीच्या लढाईनंतर तिसऱ्या दिवशी. तो नुकता शुद्धीवर आला होता."

"कोण? सिदू?"

"हात गेल्याचं त्याला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. चादरीखाली आहे, असंच त्याला वाटत होतं. मला बघून त्यानं जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी मागतोय."

केरबा जवळ सरकला.

"त्यानं एकच विचारलं. 'उस्ताद, केरबाला दिसला का हो रणगाडा?'"

बाया नारळ फोडून निघून गेल्या.

"तुम्ही… तुम्ही काय सांगितलं त्याला?"

उस्तादांनी पेनाला टोपण लावलं आणि कागदासकट केरबाच्या हातात दिलं.

"मला कुठं माहीत होतं? तू सांगून ये. मग सही करतो."