जासुदाच्या चिखल्या

फार जुनी गोष्ट. तेव्हा राजाचे निरोप जासूद पळत पोचवायचे. त्यांतला एक जासूद इतका चपळ, की राजानं खूश होऊन त्याला कातडी जोडे बक्षीस दिले. स्वारी अशी फुगली की ते जोडे फक्त झोपताना काढायची.

महिनाभरात त्याच्या करंगळीच्या बेचक्यात खाज सुटली. कातडी पांढरी पडली, सोलली, तिला भेगा गेल्या, वासही येऊ लागला. सोबती म्हणाला, या तर चिखल्या. जासूद चिडला. चिखल्या चिखलात राबणाऱ्यांना होतात, राजाच्या जासुदाला कशा होतील? त्यानं जोडे आणखी आवळले.

मग व्हायचं तेच झालं. जासूद लंगडू लागला आणि एक निरोप उशिरा पोचला. राजानं बजावलं, दसऱ्याला सीमेवर निरोप न्यायचा आहे, तेव्हा लंगडलास तर जासुदी गेली. दसरा दीड महिन्यावर होता.

जासूद गुपचूप नदीवर पाय धुवायला गेला. तिथं एक म्हातारी परटीण होती. जन्म पाण्यात गेलेला, पण तिचे पाय स्वच्छ होते. जासुदानं लाज गिळून आपले पाय पुढे केले.

“चिखल्या चिखलानं नाही रे बाबा, ओलीनं होतात,” म्हातारी म्हणाली. “तू दिवसभर घामात पाय भिजत घालतोस.”

तिनं सांगितलं, पाय रोज धुवायचे, बोटं फाकवून बेचकं न् बेचकं फडक्यानं टिपायचं, ते फडकं दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. मग वैद्याचं गंधकाचं मलम लावायचं. जोडे उन्हात, पाय वाऱ्यावर.

आठव्या दिवशी खाज थांबली. पठ्ठ्यानं मलम कोनाड्यात टाकलं. चार दिवसांत खाज परत हजर! म्हातारीनं त्याला चांगलं झापलं.

“खाज गेली म्हणजे दुखणं गेलं नव्हे. पाय बरा दिसू लागला तरी पुढे पंधरा दिवस हात थांबवायचा नाही.”

आता मात्र जासूद हट्टाला पेटला. कितीही दमून आला तरी आधी पाय, मग जेवण. सोबती हसले, त्यानं हसू दिलं. एक दिवस चुकवला नाही.

दसऱ्याला निरोप वेळेआधी पोचला. परतल्यावर जासुदानं भर दरबारात जोडे काढले आणि तो बोटं पुसायला बसला. हे काय चाललंय, राजानं विचारलं.

“चिखल्या झाल्या होत्या, महाराज. पुन्हा होऊ देणार नाही.”

एका सरदारानं हळूच पाय मागे घेतला. मग प्रधानानंही घेतला. राजानं आपल्या भरजरी मोजड्यांकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात हुकूम दिला, “त्या परटीणबाईंना पालखी पाठवा.”

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुखण्याचं नाव घ्यायला लाजू नये, आणि जरा बरं वाटलं म्हणून उपचार अर्धवट सोडू नये.