कुसळवाडीच्या वाटेचा वळसा

कुसळवाडीहून बोरजाईला जाणारी ही पायवाट माळावर चढली की पाहुणे इथेच थांबतात आणि मला एकच प्रश्न विचारतात. माळ तर तव्यासारखा सपाट. मध्ये ना ओढा, ना टेकाड, ना कुणाचं कुंपण. मग नाकासमोर चाललेली वाट इथे एकाएकी डावीकडे का वळते आणि एवढी मोठी भटकंती करून समोरच्या त्या हिवराच्या झाडापाशी पुन्हा सरळ का होते? मागे एक इंजिनिअर आले होते. खाली पाणी लागत असेल, म्हणून जुन्या लोकांनी जागा सोडली असेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. पाणी लागलं असतं तर आम्ही वाट वळवली नसती, विहीर खणली असती.

बसा घटकाभर. सकाळपासून तुम्ही खोकड पाहिलं, ससे पाहिले, ती चिंकाऱ्यांची जोडी पाहिली आणि दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाहीत. मला यातलं निम्मं डेअरीला दूध घालायला जाताना दिसतं. लांडगासुद्धा दिसतो. तो त्याच्या कामाला निघालेला असतो, मी माझ्या. त्यात मला कधी नवल वाटलं नाही, पण ही वाट मात्र मला लहानपणापासून आवडते. तिची हकीकत आमच्या पुकळ्यांच्या घरातली आहे, म्हणून ती सांगायचा मान मी कुणाला देत नाही.

फार जुनी गोष्ट. तेव्हा वाट सरळ होती. बोरजाईला ठकू नावाची धनगराची मुलगी होती. तिचं एक ठरलेलं लग्न दुष्काळात मोडलं होतं. मुलाकडच्यांची मेंढरं गेली, ते मुलूख सोडून निघून गेले आणि मागे ठकूच्या नावाला बोल लागला. तिच्या पायगुणाने असं झालं, असं लोक म्हणू लागले. कितीतरी दिवस कुणी मागणी घातली नाही. शेवटी कुसळवाडीच्या म्हाकूबा पुकळ्यांनी आपल्या बिरूसाठी तिला मागितलं. म्हाकूबा माणूस सरळ, पण वेळेचा भारी कडक. त्यांची मेंढरंसुद्धा म्हणे त्यांच्या खाकरण्यावर उठत. त्यांनी एकच अट घातली होती. सूर्य डोक्यावर यायच्या आत वऱ्हाड मांडवात पाहिजे. मुहूर्त टळला तर लग्न नाही. बोरजाईच्या लोकांनी ही अट आनंदाने मान्य केली. आता हे लग्न मोडलं तर ठकूला जन्मभर बापाच्या घरी राहावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ठकूला सगळ्यांत जास्त.

ज्येष्ठातला दिवस होता. वऱ्हाड पहाटेच निघालं. पुढे ढोल आणि सनई, मागे बायका, मध्ये हळदीच्या अंगाने ठकू आणि तिच्या बाजूला राणूमामा. माळ चढून ते इथे आले आणि सगळ्यांत पुढे चालणारा ढोलकरी थबकला. वाटेच्या मधोमध माळढोकाची मादी बसली होती.

तुम्ही तो पक्षी चित्रात पाहिला असेल. मोठ्या कोकराएवढी असते मादी. पाठ मातीच्या रंगाची, त्यामुळे बसली की मातीत मिसळून जाते. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते, घरटं वगैरे काही नाही. ढोलाचा दणका ऐकूनही ती उठली नव्हती, नुसती मान ताठ करून वऱ्हाडाकडे पाहत होती.

राणूमामा म्हणाले, "टाळी वाजीव रं. उडून जाईल."

ठकूने त्यांचा हात धरला. नवरी मुलीने वाटेत बोलायचं नसतं, पण ती बोलली. "मामा, नगा उठवू. ती उठली तर परत कवा ईल कुणास ठावं. तवर अंडं उन्हात भाजंल."

"अगं, आपल्याला उशीर हुतोय. म्हाकूबा कसा हाय, ठावं न्हाई का तुला?"

"ठावं हाय. म्या कडंनं जाते. तुमी माझ्या मागनं या."

ती जन्मभर माळावर मेंढरांमागे फिरलेली, तिला त्या पक्ष्याची खोड माहीत होती. तिने वाट सोडली आणि थोडी बाजूने चालू लागली. मादीने मान आणखी उंच केली आणि ती अर्धी उठली. ठकू मागे आली. सगळ्यांना मागे घेतलं. मग आणखी लांबून निघाली. पुन्हा मादीची मान वर, पुन्हा ठकू मागे. असं करत करत ती इतकी दूर गेली की मादीने मान खाली घातली आणि निवांत बसली. तिथून ठकू पुढे चालू लागली. डोळा सतत त्या मानेवर. मान वर आली की ती आणखी बाहेर सरकायची. ढोल काखेत गेले, सनई पदराखाली गेली, पोरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले. वहाणांचा आवाज होतो म्हणून सगळ्यांनी त्या काढून हातात घेतल्या. ज्येष्ठातली तापलेली जमीन आणि त्यावर कुसळं. कुरकुर करायलाही कुणाला मोकळीक नव्हती. वाटेचा वळसा आज जेवढा रुंद दिसतो, तेवढं त्या मादीचं भय होतं, असं सांगतात.

वऱ्हाड कुसळवाडीत पोचलं तेव्हा सावल्या पायाखालून सरकून पलीकडे गेल्या होत्या. मांडवात वेळ मोजायला घंगाळातल्या पाण्यावर भटजींनी घटिकेची वाटी सोडली होती, ती केव्हाच बुडाली होती. अंतरपाटाची घडी घालून झाली होती. म्हाकूबा मांडवाच्या तोंडाशी उभे होते. राणूमामांनी हात जोडून झालेलं सगळं सांगितलं.

"पाखरासाठी थांबला?" म्हाकूबा म्हणाले. "दुसरं काय तरी सांगा. येवढं येडं समजू नगा मला."

ठकू बाहेरच्या लिंबाखाली खाली मान घालून बसली होती. तिला रडू आवरत नव्हतं, पण पस्तावा मात्र झाला नव्हता, असं म्हातारपणी ती स्वतः नातवंडांना सांगायची. म्हाकूबांनी काठी उचलली आणि एकटेच भर उन्हात माळाकडे निघाले. वऱ्हाडी खोटं बोलतात हे त्यांना डोळ्यांनी पाहून यायचं होतं.

गावातून त्यांचं तांबडं पागोटं दिसत राहिलं. तरातरा चाललेलं पागोटं एका जागी थांबलं. मग खाली बसलं. लोक वाट पाहत राहिले. बिरूची नजर त्या तांबड्या ठिपक्यावर होती आणि ठकूची जमिनीवर. तिथे म्हाकूबांनी काय पाहिलं ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. आम्ही पुढच्यांनी मात्र ठरवून टाकलंय: त्या टळटळीत उन्हात मादी उभी राहून दोन्ही पंख पसरून अंड्यावर सावली धरून असणार. त्या वेळेला ती तेच करते.

ऊन कलल्यावर म्हाकूबा परत आले. चालणं अगदी हळू होतं आणि वहाणा हातात होत्या. त्या पाहून लोकांना काय समजायचं ते समजलं. ते मांडवात गेले नाहीत. आधी लिंबाखाली गेले, ठकूच्या पायांकडे पाहिलं. पायांत कुसळं रुतलेली होती.

"सकाळपासनं पोरीला पानी दिलं का कुणी?" त्यांनी विचारलं.

दिलं नव्हतं. मुहूर्ताच्या गडबडीत सुचलंच नव्हतं कुणाला. म्हाकूबांनी स्वतः तांब्या भरून आणला. ठकूने तो घटाघटा संपवला. मग त्यांनी अंतरपाट धरायला सांगितला. भटजी चाचरत म्हणाले की मुहूर्त तर टळला.

"वऱ्हाड पोचलं न्हवं का?" म्हाकूबा म्हणाले. "मंग ह्योच मुहूर्त."

ठकू आणि बिरूचा संसार चांगला झाला. मी त्यांच्याच वंशातला, तेव्हा वाईट झाला असं मी म्हणणारही नाही. पिल्लू बाहेर येईपर्यंत दोन्ही गावची माणसं वळशानेच जात राहिली, तोवर सरळ वाटेवर गवत आलं आणि पुढे ती कुणी पुन्हा पाडली नाही. माळढोक मी आयुष्यात दोनदा पाहिला. गेली कित्येक वर्षं तो इकडे फिरकलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पण वळशाच्या पोटातल्या जागेत आजही टिटवी, धाविक आणि चंडोल अंडी घालतात, आणि तिथे आम्ही मेंढरू घालत नाही.

आजही बोरजाईकडून येणारं वऱ्हाड इथे बँड बंद करून वळसा घेतं. आमच्या गावच्या लग्नपत्रिकेत वेळ छापत नाहीत, 'वऱ्हाड पोचल्यावर' एवढंच छापतात. आणि कोणी कितीही उशिरा आलं तरी, का उशीर झाला असं कुसळवाडीत विचारत नाहीत. आधी पाणी देतात.