खोबरेलाची बाटली उन्हाला बसते

घरातल्या वस्तू आपल्या पायांनी हिंडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराखालच्या एका घरात खोबरेल तेलाची बाटली राहायची. मोठी बोलकी. पण कडाक्याची थंडी पडली आणि सकाळी ती पाहते तर अंगातलं तेल पांढरंफटक, घट्ट. उपडं केलं तरी थेंब गळेना.

"मी कामातून गेले," ती फणीला म्हणाली आणि फडताळात पार मागे जाऊन बसली.

फणी रोज हाका मारून दमली. तेलावाचून घरातल्या पोरींच्या केसांचा गुंता झाला, विंचरताना रोज रडारड. शेवटी फणी गोधडीमावशीला घेऊन आली.

"अंगणात चल," गोधडी म्हणाली.

"तुमचं बरं आहे, मावशी. थंडीत सगळे तुम्हाला कवटाळतात. माझं दुःख तुम्हाला काय कळणार?"

"रात्रभर सगळ्यांना ऊब देऊन पहाटे मीच गार पडते, बाई. मी रोज उन्हात जाऊन पडते ते काय हौस म्हणून?"

बाटली फडताळातून बाहेर आली. कुरकुरत ती गोधडीशेजारी जाऊन बसली. तासाभरात कडेकडेने तेल सुटलं. दुपारी पोरींच्या वेण्या चकचकत होत्या आणि बाटलीच्या बडबडीने फणीचे कान किटले होते.

रात्री पुन्हा गारठा पडला. सकाळी फणी धसक्याने फडताळाकडे धावली, तर तिथे बाटली नव्हती.

अंगणातून थिजलेल्या घशाचा आवाज आला, "मावशी, जरा सरकून बसा."