वाघ आल्याची वर्दी

विषय : वाघ आल्याची वर्दी सर्व प्राण्यांना विनामूल्य मिळणेबाबत.
संदर्भ : करवंदाच्या जाळीत राहणाऱ्या पिसोरीचा तोंडी अर्ज.

झाडांवर अजून वनखात्याचे नंबर पडले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. वाघ निघाला की कोतवाल पक्षी वर्दी देई, पण नाकतोडा आणून देणाऱ्याच्याच कानात. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. तिला नाकतोडा कुठला सापडायला? तिची दोन पिल्लं वाघाने नेली होती. तिसरं जाळीत होतं.

या प्रश्नावर सभा ठरली. सभेची सूचना कोतवालानेच दिली, अर्थात नाकतोडे घेऊन. त्यामुळे ज्यांना वर्दी मिळत होती, तेच तेवढे जमले. पिसोरी आली ती तहान लागली म्हणून; सभा पाणवठ्यावर होती.

अध्यक्षस्थानी गवा होता. पिसोरी त्याला म्हणाली, "गवेदादा, वानर उंच झाडावर बसतो. त्यानेच सगळ्यांसाठी ओरडावं. त्याबद्दल त्याला फळं जंगलाने द्यावीत."

"फुकट मिळालं की किंमत राहत नाही, बाई!" कोतवाल म्हणाला.

"पळायचं आमच्याच पायांनी ना, भाऊ? ते कुठे फुकट आहे?"

गवा इतका हसला की पाणवठा गढूळ झाला. ठराव मंजूर झाला.

दुसऱ्याच दिवशी वानर खच्चून ओरडला. कोतवालाकडे निघालेलं भेकर तोंडातला नाकतोडा टाकून पळालं. पिसोरीचं पिल्लू तर गंमत म्हणून दोनदा पळालं.

वर्दी फक्त मागणाऱ्यालाच द्यावी व ती त्याने समक्ष येऊन मागावी, असा अर्ज वाघाने केला आहे. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.