पितळी झाकणांचा कायदा

"भर पावसात बागेतले दिवे जळत राहिले पाहिजेत, आणि माझं एकही पितळी झाकण बदलायचं नाही! जमवा, नाहीतर भिवा वायरमन जन्मभर कोठडीत!"

फणसगडच्या मल्हारराजांनी हुकूम सोडला आणि मिशीला पीळ दिला. हुकूम अशक्य होता, पण हे राजांना सांगणार कोण?

झालं होतं असं. राजांनी हौसेने बागेत विजेची सॉकेटं बसवली. उघड्यावरच्या सॉकेटला पावसापासून बचावाचं झाकण हवं, असा कायदा. राजांनी झाकणं घडवली पितळेची, चपटी, वर राजमुद्रा कोरलेली. सॉकेट रिकामं असलं की झाकण इतकं घट्ट बसे की मुंगीही आत शिरू नये. पण दिव्याची पिन खुपसली की तेच झाकण 'आ' वासून उभं! राजांच्या वाढदिवसाला श्रावणातली सर आली, सॉकेटात पाणी गेलं, ठिणगी उडाली, बाग अंधारात बुडाली आणि राजे पाहुण्यांदेखत कारंज्याच्या हौदात पडले.

"झाकण होतं की नव्हतं?" राजे निथळत गरजले.

"होतं ना महाराज! तेही मुद्रेचं!" दिवाण त्रिंबकपंतांनी मान डोलावली. तेवढं एकच काम त्यांना उत्तम येत असे.

"मग दोष वायरमनचा!"

भिवाची लेक सगुणा राजांवर छत्री धरायच्या कामाला होती. बापाला कोठडीत ढकललेलं पाहून तिला रडू येण्याऐवजी राग आला. असल्या अकलेच्या कांद्यांपुढे रडून काय उपयोग?

"सरकार," ती म्हणाली, "उद्या बागेत बसा. झाकणांचं काय करायचं ते दाखवते. नाही पटलं तर मलाही कोठडीत घाला."

दुसऱ्या दिवशी बागेत राजांची खुर्ची मांडली. आभाळ भरून आलेलं. रिकाम्या खुर्चीवर छत्री धरून सगुणा उभी होती. "वा, काय काळजी!" म्हणत राजे ऐटीत टेकले, सर कोसळली, आणि सगुणाने खटकन छत्री मिटली!

"ए पोरी! वेड लागलं का? उघड ती छत्री!"

"कशी उघडू, सरकार? आपल्याच झाकणांचा कायदा ना! जागा रिकामी असेल तोवर झाकायची, कुणी येऊन बसलं की उघड्यावर टाकायचं!"

"मूर्ख मुली!" दिवाण ओरडले. "माणूस बसल्यावरच तर छत्री लागते!"

"आणि पिन बसल्यावर झाकण लागत नाही होय, पंत?"

पंतांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्यात पाऊस पडत होता.

"पण चपटं झाकण पिनेवर मिटणार कसं?" राजांनी डोळे पुसत विचारलं.

"नाहीच मिटणार! झाकणाला पोट हवं, सरकार. पालथ्या डालीखाली कोंबडी बसते, तशी पिन आत बसेल. वायरीला खालून वाट." तिने पदराखालून पत्र्याचं फुगीर झाकण काढलं. "बाबांनी हे करून आणलं होतं. पंत म्हणाले, फुगवट्यावर मुद्रा वाकडी दिसेल!"

"आणि माझा हुकूम? एकही झाकण बदलायचं नाही!"

"नका बदलू, सरकार. मीही छत्री उघडत नाही!"

राजांनी भिजून चिंब झालेल्या पंतांकडे पाहिलं, स्वतःच्या ओघळलेल्या मिशा चाचपल्या, आणि एकाएकी इतके हसले की खुर्ची करकरली.

"उघड गं बाई, उघड! झाकणंही बदल!"

भिवा तिथल्या तिथे सुटला. वर त्याला मानाचं पागोटं मिळालं, सगुणाला जरीकाठी लुगडं आणि वाड्यातल्या तमाम झाकणांची देखरेख.

"पण मग छत्री कोण धरणार, महाराज?" पंतांनी विचारलं.

"तुम्ही!"